निळा निसटतोय

माझी मावशी कापडगिरणीत रंग जुळवायची. म्हणजे गिऱ्हाईक बोटभर कापडाचा तुकडा घेऊन यायचं आणि म्हणायचं, अगदी हाच रंग पाहिजे, शंभर ठाणं. मग तो तुकडा मावशीच्या टेबलावर यायचा. पिवळा, तांबडा आणि निळा अशा तीन बाटल्यांतून थेंब थेंब घेऊन, काचेच्या पेल्यात सुती कापड बुडवून, वाळवून, ती आपला तुकडा गिऱ्हाइकाच्या तुकड्याला चिकटवून ठेवायची आणि बघत बसायची. दोघांमधली रेघ दिसेनाशी झाली की काम झालं. कधी ती रेघ दुपारच्या जेवणाआधी पुसली जायची, कधी चार दिवस हटून बसायची.

गिरणीत तिला सगळे छटाताई म्हणत. थोरल्या साहेबांपासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे. तिचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी वापरल्याचं मला आठवत नाही.

तिची खोली मी दोन-चारदाच पाहिली, पण ती माझ्या मनात अजून तशीच आहे. उत्तरेला भिंतभर खिडकी, जिच्यातून ऊन कधीच आत येत नसे, नुसता उजेड यायचा. भिंती राखाडी, टेबल राखाडी आणि मावशीच्या अंगातला झगाही राखाडी. "अंगावर लाल घालून बसलं ना, तर तो लाल तुकड्यावर सांडतो," ती म्हणायची. खाली रंगाच्या हौदांची वाफ चालू असल्यामुळे त्या खोलीची फरशी बाराही महिने कोमट असायची, आणि खालचे आवाज वर येईपर्यंत मऊ होऊन जायचे. आत पाऊल टाकलं की पाण्याखाली उतरल्यासारखं वाटे. डोळे थकले की मावशी उठून मोकळ्या राखाडी भिंतीसमोर उभी राहायची. दोन-तीन मिनिटं. कुणी काही सांगतंय आणि आपण ऐकतोय, अशी मान जराशी कलती करून.

घर मात्र तिने असं रंगवलं होतं की पाहुणे दारातच थबकत. केशरी पडदे, जांभळ्या उशा, स्वयंपाकघराला पोपटी रंग. काका शाळेत भूमिती शिकवायचे आणि त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. ते म्हणायचे, "हिचे डोळे दिवसभर उपाशी असतात. संध्याकाळी घरी येऊन त्यांचं पारणं फिटतं, आणि आमचं डोकं उठतं."

मी त्या दोघांकडे सहा वर्षं राहिले. एका छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी होती मला, आणि गावात दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळे जे सांगतेय त्यातलं बरंचसं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि उरलेलं मावशीनेच तुकड्यातुकड्याने सांगितलेलं.

गिरणीतून कुणी गेलं की निरोपाचा कार्यक्रम व्हायचा. चहा, भाषण, भिंतीवरचं घड्याळ भेट. सगळे म्हणायचे, "विसरू नका हं, येत जा." जाणाराही म्हणायचा, "म्हणजे काय, हे तर माझं दुसरं घर." मावशीने अशी किती दुसरी घरं ओस पडताना पाहिली होती. पहिल्या महिन्यात माणूस एकदा येतो. त्याच्या खुर्चीवर दुसरंच कुणीतरी बसलेलं असतं. तो उभ्या उभ्या चहा पितो, हातांचं काय करावं ते त्याला कळत नाही, आणि मग तो येत नाही. दृष्टीआड सृष्टी. त्यात कुणाचा दोष नसतो.

तिच्या शेजारच्या टेबलावरचा लांबू गेला तेव्हा तिला हे पहिल्यांदा टोचलं. लांबू म्हणजे दारातून वाकून येणारा, ताडमाड, आणि बोलायला एकदम हळू. दहा वर्षं दोघांनी एका खिडकीचा उजेड वाटून घेतला होता. तो मोटारींना रंग देणाऱ्या कारखान्यात गेला, दूरच्या शहरात. मावशीने पत्र लिहिलं, "कसा आहेस? इकडे सगळं ठीक." त्याचं उत्तर आलं, "मजेत. तुम्ही कशा?" दुसऱ्या पत्राला तिने कागद घेतला आणि अर्धा तास बसून राहिली. लिहायला काहीच नव्हतं. दहा वर्षं रोज बोलत होते, पण ते बोलणं सगळं समोरच्या तुकड्याबद्दल होतं. तुकडा गेला तसं बोलणंही गेलं.

पुढे काही महिन्यांनी घरातली एक जुनी शाल कसर लागून विरली. ती माझ्या आजीची. मावशीला ती रफू करायची होती आणि त्यासाठी त्या रंगाचा दोरा हवा होता. तो रंग विचित्र होता, धड हिरवा नाही, धड मातकट नाही, संध्याकाळी एक आणि सकाळी दुसरा. तिने आठ वेळा दोरा रंगवला आणि आठही वेळा हार मानली. शेवटी वैतागून शालीचं एक सूत पाकिटात घातलं आणि लांबूला लिहिलं, "माझं काय चुकतंय?"

पाचव्या दिवशी चार पानी उत्तर आलं. सोबत त्याने रंगवलेले तीन दोरे होते. एवढा बोललेला लांबू तिने दहा वर्षांत ऐकला नव्हता. "ताई, तुम्ही आधी हिरवा धरताय. हा मुळात पिवळा आहे, तो नंतर उदास झालाय," असं त्याने लिहिलं होतं. ते वाक्य मावशीने स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्याने वाचलं, आणि काका म्हणाले, "माझंही तसंच झालंय, पण मला कोण चार पानं लिहितंय?"

तिथून ती फेरी सुरू झाली. ख्यालीखुशाली चार ओळींत संपते, काम संपत नाही, हे मावशीला उमगलं होतं. मग तिने म्हाताऱ्या मास्तरांनाही त्यात ओढलं. हे गिरणीचे जुने रंगमास्तर, मावशीचे गुरू, निवृत्त होऊन बहिरे व्हायला लागलेले. रीत अशी ठरली: दर दोन महिन्यांनी पाळीपाळीने एकाने कुठलातरी पाहिलेला रंग कापडावर उतरवायचा, तुकडे कापून बाकीच्यांना पाठवायचे, आणि मागे लिहायचं की हे काय आहे. बाकीच्यांनी नुसत्या नजरेने तो जुळवायचा आणि आपापला तुकडा सगळ्यांना धाडायचा. लांबू एकदा म्हणाला, फोटो पाठवले तर पटकन होईल. मावशीने कळवलं, "फोटोत रंग खोटं बोलतो. पाकिटात घाल."

त्या तुकड्यांच्या मागची अक्षरं वाचायला मला फार आवडायचं. "कबुतराची मान, डावीकडून." "गंजलेल्या फाटकाला पाणी लागल्यावर." "झोपलेल्या नातवाची पापणी", हे मास्तरांचं. "पत्र वाचून घडी घातल्यावर बोटांत उरतो तो", हे लांबूचं, आणि त्याच्यावर मावशीने शेरा मारला होता, "हा रंग नाही, हा चावटपणा आहे. तरी जुळवला." रविवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात पेल्यांतून वाफा निघायच्या, खिडकीत दोरीवर बोटभर चिंध्या वाळायच्या, आणि मावशी त्यांच्या खाली खुर्ची टाकून डोळे मिटून बसायची. बाहेरचा रस्ता जागा व्हायच्या आत तिच्या घरातून कितीतरी सकाळी आणि किती तिन्हीसांजा होऊन गेलेल्या असायच्या. तिकडे मास्तरांच्या घरी मात्र वेगळीच गत होती. त्यांच्या बायकोचं दुधाचं पातेलं एकदा निळं झालं ते पुन्हा पांढरं झालंच नाही, आणि तिने मावशीला फोन करून अर्धा तास सुनावलं.

एक गोष्ट मावशीने कटाक्षाने पाळली. गिऱ्हाइकाचा तुकडा किंवा गिरणीची कृती कधी पाकिटात गेली नाही. कुणी साहेबांच्या कानावर घालायच्या आधी तिने स्वतःच तुकड्यांचा डबा नेऊन त्यांच्यापुढे उघडला. साहेबांनी दोन-चार तुकडे उलटेपालटे केले, "पापणी?" म्हणाले, आणि डबा जपून बंद करून तिच्या हातात दिला.

आता मुंगीबद्दल सांगायला हवं.

मुंगी म्हणजे मावशीच्या हाताखाली तयार झालेली मुलगी. बुटकी, किरकोळ, सतत कामात, म्हणून मुंगी. सात वर्षं ती लांबूच्या रिकाम्या टेबलावर बसली. मावशीला मूलबाळ नव्हतं, पण मुंगीला ती मुलगी मानायची असं मी म्हणणार नाही. ते तसं नव्हतं. त्याहून सरळ होतं. आपल्याला जे दिसतं ते दुसऱ्या कुणालातरी दिसतंय, याचं सुख होतं ते. दोघी बोलत नसत. मावशी तुकडा पुढे सरकवायची, मुंगी "हं" म्हणायची, आणि त्या एका हुंकारात तांबडा केसभर कमी हवा हे दोघींना कळलेलं असायचं.

आणि मग एका सोमवारी कोठीवाल्याने मावशीला सहज विचारलं, "मुंगी पलीकडच्या गिरणीत चालली म्हणे?"

पलीकडची म्हणजे नदीपलीकडची गिरणी. आमच्या गिरणीशी तिची जन्माची चढाओढ होती. मावशीला यातलं काहीच माहीत नव्हतं. सगळ्या गिरणीला कळलं होतं आणि शेजारच्या टेबलाला नव्हतं. शेवटच्या दिवशी मुंगी निरोप घ्यायला खोलीच्या दारात आली. दार अर्धवट उघडं धरून नुसती उभी राहिली. मावशीने मान वर केली नाही. म्हणाली, "दार ओढून घे. उजेड बदलतोय."

मुंगीने दार ओढून घेतलं.

त्या संध्याकाळी मावशी घरी येऊन जेवली, भांडी घासली, आणि नेहमीपेक्षा दोन तास आधी झोपायला गेली. काकांनी त्या दिवशी एकही विनोद केला नाही.

नऊ महिन्यांनी एक पाकीट आलं. पत्र नाही, नुसता एक तुकडा. मागे मुंगीच्या बारीक अक्षरात: "नदीवरचं धुकं. पलीकडून." सात वर्षं शेजारी बसल्यामुळे फेरीची रीत तिला ठाऊक होतीच. तो तुकडा तीन दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर पडून होता. कुणी त्याला हात लावला नाही, आणि मावशीने तो तिथून हलवूही दिला नाही. चौथ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा स्वयंपाकघरात पेल्यांचा किणकिणाट चालला होता.

"जुळवतेयस?" मी विचारलं.

"काम आलंय, करायला नको?" ती म्हणाली. "संबंध कामापुरता."

पुढची चार वर्षं दोघींमध्ये एक शब्द गेला नाही. गेले ते तुकडे. मुंगीचे धुकं, वाळू, चुन्याची भिंत असे फिकट, अवघड रंग, आणि मावशीची उत्तरं. दोघी एकाच नदीच्या दोन काठांना अर्ध्या तासाच्या अंतरावर राहत होत्या, आणि त्यांचं बोलणं टपालातून मुक्या चिंध्यांवर चालायचं. मला ते तेव्हा वेडेपणाचं वाटायचं. आता वाटत नाही.

मग ते पत्र आलं. ती गोष्ट घडली तेव्हा मावशी छप्पन्न वर्षांची होती.

पत्र मुंगीचं होतं. चारच ओळी. "ताई, रागावा, पण वाचा. गेल्या तीन फेऱ्यांत तुमचा तांबडा जागेवर आहे, पिवळा जागेवर आहे. निळा निसटतोय. आधी केसभर होता, आता बोटभर आहे. डोळे दाखवून घ्या."

मावशीने ते दोनदा वाचलं. तिचा चेहरा असा झाला की मी हातातलं मुद्रित खाली ठेवलं.

"काल शिकली आणि आज मला शिकवते," ती म्हणाली. "माझा निळा! अगं, हिला निळा म्हणजे काय ते मी दाखवलं."

काका हळूच म्हणाले, "तिने उगाच लिहिलं नसेल."

"तुम्ही त्रिकोण बघा तुमचे."

पण मनात पाल चुकचुकली होती. तिने लांबूला फोन लावला. लांबू नेहमीच हळू बोलायचा, त्या दिवशी त्याहून हळू बोलला. हवामानावर बोलला, कारखान्यावर बोलला. मावशीने विचारलं, "माझा निळा कसा आहे रे?" पलीकडे इतका वेळ शांतता होती की तिने स्वतःच फोन ठेवला. मग मास्तर. त्यांना फोनवर ओरडून सांगावं लागायचं, त्यामुळे तो प्रश्न आमच्या आळीने ऐकला. मास्तर म्हणाले, "अगं, मलाही दिसलं होतं. पण मला वाटलं माझेच डोळे गेले. गुरूने शिष्याच्या चुकीवर बोट ठेवायच्या आधी आपलं बोट बघावं म्हणून गप्प बसलो."

त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी उजेड नीट झाल्यावर तिने मला हाक मारली. रात्रीच काढून ठेवलेले वीस तुकडे तिच्यापुढे होते. फिकट राखाडीपासून निळसर राखाडीपर्यंत, एकाहून दुसरा जेमतेम वेगळा. "यांच्या पाठीवर क्रमाने आकडे आहेत. मी बघणार नाही. तू पिसून ठेव. मी लावते."

मी पिसले. ती खिडकीपाशी बसली आणि लावायला लागली. मी तिला इतक्या सावकाश काम करताना कधी पाहिलं नव्हतं. एकेक तुकडा उचलायची, उजेडात धरायची, ठेवायची, पुन्हा उचलायची. जवळजवळ तास गेला. मग हात मांडीवर ठेवून म्हणाली, "उलट आणि वाच."

मी वाचलं. "एक. दोन. चार. तीन. सात." इथपर्यंत आवाज ठीक होता. "बारा. पाच. सोळा. नऊ." पुढे मी थांबले.

"वाच," ती म्हणाली.

मी शेवटपर्यंत वाचलं. ती ऐकत होती, मान जराशी कलती करून.

त्याच दिवशी ती गिरणीत गेली आणि आपल्या हाताखालच्या दोघी मदतनिसांना समोर बसवलं. विचारलं तर दोघी रडायलाच लागल्या. सात-आठ महिन्यांपासून मावशीची प्रत्येक कृती खाली हौदाकडे जायच्या आधी त्या दोघी चोरून निळ्याचं प्रमाण दुरुस्त करत होत्या. म्हणून तर एकही ठाण परत आलं नव्हतं. "ताई, तुम्हाला कसं सांगणार होतो?" त्यातली धाकटी म्हणाली. "तुम्ही तुकडा पुढे केलात की आम्हाला नाही म्हणताच येत नाही."

त्यांना रागावण्यासारखं काही नव्हतं. मावशीने दोघींना पाणी दिलं, साहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं आणि रजा मागून घेतली. ती घरी आली ती थेट माझ्या खोलीत, आणि चपलाही न काढता पलंगाच्या कडेवर बसली. "जवळची माणसं मला सांभाळून घेत होती," ती म्हणाली. "सांगायला मेली ती दूर गेलेलीच पाहिजे होती."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण आणि हसतमुख होत्या. दिवा लावून दोन्ही डोळ्यांत डोकावल्या आणि म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे. जरा लवकर आलाय, पण पिकतोय. तुम्ही बराच काळ पिवळ्या काचेतून बघताय."

"आणि माझा निळा?" मावशीने विचारलं, जसं काही तो हरवलेला नातेवाईक होता.

"तो कुठे गेलेला नाही. मधली काच बदलली की दिसेल."

आधी उजवा डोळा केला. डावा महिन्याने करायचा होता. तो मधला महिना मावशीने स्वप्नात असल्यासारखा काढला, आणि आम्हीही तिच्याबरोबर. पट्टी निघाली त्या सकाळी ती गच्चीत जाऊन उभी राहिली आणि आत यायलाच तयार नव्हती. उजवा डोळा उघडून डावा मिटायची, मग डावा उघडून उजवा मिटायची. एका डोळ्याने बघावं तर सगळं जग चहात बुडवून काढलेलं. दुसऱ्याने बघावं तर सावल्यांच्या आतसुद्धा निळं. वाळत टाकलेली पांढरी चादर तिला निळी दिसली. काकांचे पिकलेले केस निळे दिसले. "अहो, तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात?" तिने आश्चर्याने विचारलं. ते म्हणाले, "तुझा मोतीबिंदू होता तोवर तरुण होतो. उगाच काढलास."

दुपारी ती जिन्यावर बसून राहायची आणि भिंतीवरून सरकणारा उजेड बघायची, एकदा एका डोळ्याने, एकदा दुसऱ्याने. "दोन घरं आहेत," ती मला म्हणाली. "एकात मी इतकी वर्षं राहत होते आणि मला वाटायचं हेच सगळ्यांचं घर."

पंधराव्या दिवशी तिने मला चप्पल घालायला सांगितलं. "पूल ओलांडायचाय."

पलीकडच्या गिरणीच्या फाटकाशी आम्ही पाळी सुटायची वाट बघत उभ्या राहिलो. माणसांचा लोंढा बाहेर आला आणि त्यात अगदी कडेने, पिशवी छातीशी धरून, मुंगी. तिच्या अंगात राखाडी झगा होता. मावशीला बघून ती जागच्या जागी थांबली. मागची माणसं तिला वळसा घालून जायला लागली.

"चहा कुठे बरा मिळतो इथे?" मावशीने विचारलं.

कोपऱ्यावरच्या दुकानात आम्ही तिघी बसलो. चहा आला. मग मावशी म्हणाली, "तू बरोबर होतीस. मोतीबिंदू निघाला. हा डोळा झालाय."

"दिसतंय," मुंगी म्हणाली. मग घाईने, "म्हणजे, या फेरीचा तुकडा आला ना तुमचा. निळा जागेवर होता."

"तो मी एक डोळा मिटून केला."

मुंगी हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशीने तिला जरा वेळ दिला आणि मग जे विचारायला ती आली होती ते विचारलं. "मला न सांगता का गेलीस?"

मुंगीने कपाची कड बोटाने पुसली. "सांगितलं असतं तर तुम्ही थांब म्हणाला असतात. आणि मी थांबले असते."

"इतकं वाईट होतं का तिथे?"

"वाईट काही नव्हतं, ताई. मी तुकडा जुळवायचे ना, तेव्हा मी तुकड्याकडे बघतच नसे. तुमच्याकडे बघायचे. तुमची भुवई हलली की मला कळायचं चुकलं म्हणून. सात वर्षं मी तुमची भुवई जुळवत होते." ती थांबली. "इथे आले तेव्हा पहिले सहा महिने मला काहीच दिसेना. रोज रडायचे. मग एक दिवस धुकं दिसलं. ते मला एकटीला दिसलं. म्हणून तुम्हाला पाठवलं."

मावशीने मुंगीचा चहा निवला होता तो बाजूला सारला आणि दुकानदाराला नवा आणायची खूण केली. येताना पुलावर मला म्हणाली, "मी तिला दार ओढून घ्यायला सांगितलं होतं गं." एवढंच. पुढचा सगळा पूल ती मधूनमधून एक डोळा मिटून खाली पाण्याकडे बघत होती.

दुसरा डोळा झाल्यावर ती कामावर रुजू झाली. एक गोष्ट तिने पहिल्याच दिवशी बदलली. मदतनीस तुकडा जुळवत असतील तेव्हा ती उठून त्यांच्याकडे पाठ करून उभी राहायची. "मला विचारायचं नाही. दोघींनी भांडून ठरवा आणि मग सांगा." सुरुवातीला त्या भांडायला लाजायच्या. वर्षभरात त्यांची भांडणं खालच्या हौदापर्यंत ऐकू यायला लागली, आणि साहेबांनी वर येऊन विचारलं की इथे सगळं ठीक आहे ना. मावशी म्हणाली, "झकास आहे."

त्यानंतर ती साडेतीन वर्षं नोकरीत होती. मास्तर मधल्या काळात गेले. झोपेतच. त्यांच्या बायकोने एके दिवशी फोन करून विचारलं, "त्यांची पाळी आली की मी पाठवू का काहीतरी? बाटल्या आहेत अजून. पातेलं तर गेलंच आहे." तिने पाठवलेला पहिला तुकडा ओबडधोबड होता, कडा पिवळ्या पडलेल्या, रंग मधेच जाड मधेच पातळ. मावशीने तो सगळ्यांत जास्त वेळ घेऊन जुळवला. डागांसकट.

गिरणी सोडायच्या दिवशी भाषणं झाली, घड्याळ मिळालं. सगळे म्हणाले, येत जा. मावशीने दोघी मदतनिसांना बाजूला घेऊन सांगितलं, "मी येणार नाही. पाकीट पाठवा."

आता फेरीत अकरा जण आहेत. त्यातल्या चौघांना मावशीने कधी पाहिलेलंही नाही. कुणी लांबूच्या कारखान्यातलं, कुणी मुंगीच्या. एकीने तर रंगाचं काम सोडून शाळेत नोकरी धरली, तरी तिचं पाकीट चुकत नाही. गुरुवारी मुंगीला सुटी असते. ती सकाळीच येते, आणि दोघी नदीच्या कडेने चालायला जातात.

गेल्या महिन्यात मी गेले होते तेव्हा मलाही बरोबर नेलं. धुकं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता आणि पाणी कुठे संपतं तेही कळत नव्हतं. दोघी माझ्यापुढे वीसेक पावलं चालल्या होत्या, एक उंच, एक बुटकी, आणि धुक्यात कधी दिसायच्या, कधी नुसते त्यांचे आवाज यायचे. भांडत होत्या. मी जवळ पोचले तेव्हा मावशीने मला दंडाला धरून कठड्यापाशी उभं केलं.

"तू सांग. मधे पाणी आहे आणि वर धुकं आहे. दोघांत पिवळा जास्त कशात आहे?"

मी बघितलं. मनापासून बघितलं.

"मला दोन्ही पांढरंच दिसतंय," मी म्हणाले.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग मुंगी मला फार मायेने म्हणाली, "थंडी वाजतेय का तुम्हाला? घरी जाऊ या का?"